आधी खपली, मग मलम

सरकारी दवाखान्यात ड्रेसिंगची खोली नेहमी टोकाला असते. मुतारीच्या अलीकडे आणि स्टोअरच्या पलीकडे. वास येतो म्हणून तिला कोणी दर्शनी भागात जागा देत नाही. त्या खोलीत मी आयुष्याची एकतीस वर्षं काढली. आधी धुळ्याला, मग चोपड्याला आणि शेवटी जळगावला. हुद्दा ड्रेसर. पगारपत्रकात डॉक्टर सगळ्यात वर आणि मी इतका खाली की कागद दुमडला तर माझं नाव घडीत जायचं. लोक मात्र मला पट्टीभाऊ म्हणायचे. आमच्या गावाकडे, दोंडाईच्याच्या बाजूला, मला खरं नाव घेऊन हाक मारली तर मी वळून बघेनच असं सांगता येत नाही.

दिवाळी अंकाच्या संपादकांनी फोन केला तेव्हा मी म्हटलं, साहेब, माझ्याकडे सांगण्यासारखं काय असणार, गळवं आणि खपल्या. फराळाच्या ताटाशेजारी बसून कोण वाचणार? ते म्हणाले, तेच लिहा. तेव्हा ज्यांना किळस वाटते त्यांनी चिवडा आधी संपवून घ्यावा.

आमचा धंदा दोन ओळींत सांगतो. कातडीला खरचटतं, डास चावतो, उवा होतात, माणूस खाजवतो. त्या फटीतून जंतू आत शिरतात. फोड येतो, तो पिकतो, फुटतो, आणि वर पिवळट जाड खपली धरते. गुळाचा पाक ताटाच्या कडेला वाळला की दिसतो ना, तशी. मुलांच्या नाकाखाली, ओठांच्या कडेला, गुडघ्यावर, डोक्यात. असे फोड थोडेच असतील तर जंतू मारणारं मलम वरून लावलं की पुरतं. जास्त असतील किंवा ताप असेल तर डॉक्टर पोटात गोळ्या देतात, सुईसुद्धा देतात. आमच्या काळात फ्रामायसेटिन आणि निओमायसिनची मलमं होती. ती नसली तर जांभळं औषध. जांभळं औषध गुणाचं, पण तोंडाला लावलं की पोरगी आठ दिवस घराबाहेर पडायला तयार नसायची.

आता खरी गोष्ट. मलम जंतूंपर्यंत पोचलं तर काम करणार. जंतू असतात खपलीखाली, आणि लोक मलम लावतात खपलीवर. जळगावला सराफ बाजारातले एक शेटजी माझ्यावर डाफरत आले. महिनाभर मलम लावतोय, हनुवटीवरचा फोड हलत नाही, तुमच्या दवाखान्याचं औषध खोटं आहे. मी विचारलं, "शेटजी, दागिना पॉलिश करायच्या आधी तुम्ही त्याच्यावरचा मळ काढता की मळावरच पॉलिश करता?" त्यांनी हनुवटी पुढे केली. मी त्यांची खपली पंधरा मिनिटं भिजवली, पुसून काढली, खाली मुगाच्या डाळीएवढं मलम लावलं आणि घरी कसं करायचं ते शिकवलं. पाचव्या दिवशी ते पेढे घेऊन आले. पेढे डॉक्टरांना दिले आणि मला नुसती मान हलवून दाखवली. चालायचंच.

आधी खपली, मग मलम. हे चार शब्द मी किती हजार वेळा बोललो असेन त्याचा हिशेब नाही. दवाखान्यातले लोक मला त्यावरून चिडवायचे. माझ्या मुलीच्या लग्नात वऱ्हाड जेवायला बसताना आमच्या एका सिस्टर सगळ्यांदेखत म्हणाल्या, "पट्टीभाऊ, आधी भजी, मग भात ना?" मी हसलो. हसलो, पण ते चार शब्द मला कुठे शिकायला मिळाले ते त्यांना ठाऊक नव्हतं. पुस्तकात नाही आणि धुळ्याच्या मोठ्या दवाखान्यातही नाही. तिथे मी ते फक्त ऐकले होते. शिकलो चोपड्याला, आणि चूक करून शिकलो. ती हकिकत आज पहिल्यांदा लिहितो आहे.

ऐंशीच्या दशकाचा शेवट असेल. चोपड्यात एका संस्थेचं मुलींचं वसतिगृह होतं. सातपुड्याच्या पायथ्याच्या आणि तापीकाठच्या खेड्यांतल्या सव्वीस मुली तिथे राहून शाळेत जात. शेतकऱ्यांच्या, शेतमजुरांच्या, कोणाचे वडील केळीच्या गाड्या भरणारे. वसतिगृह सांभाळायला इंदूबाई होत्या. लहानपणीच विधवा झालेल्या, अमळनेरकडच्या, पांढरी साडी, हातात कायम किल्ल्यांचा जुडगा. त्यांच्या हाताखाली कुठली वस्तू वाया जाणं शक्य नव्हतं. शिकेकाईच्या शेंगा वाटताना त्या बियासुद्धा मोजत असाव्यात असं मुली म्हणायच्या.

संक्रांतीची सुट्टी संपवून मुली परतल्या तेव्हा दोघींच्या तोंडावर फोड होते. महिना उलटायच्या आत सतरा मुलींना झाले. एकच टॉवेल, एकाच आरशासमोर एकच फणी, आणि एका सतरंजीवर तिघी. आमच्या दवाखान्यातल्या डॉक्टर मॅडम जाऊन बघून आल्या. ज्यांना ताप होता त्या तिघींना त्यांनी गोळ्या सुरू केल्या. कोणाच्या डोळ्याखाली सूज आली किंवा लघवी लाल झाली, म्हणजे मूत्रपिंडाला धक्का पोचला, तर लगेच दवाखान्यात आणा, असं बाईंना दोनदा बजावलं. बाकीच्यांना मलम लावायचं ठरलं. ते पोचवायचं आणि लावायचं कसं ते शिकवायचं काम माझ्याकडे आलं.

स्टोअरमध्ये बारा ट्यूबा होत्या. मी त्या पिशवीत घालून सायकलवरून गेलो. मुली शाळेत जायच्या तयारीत ओसरीवर उभ्या होत्या. बाई पुढे आल्या. मला ओपीडीला परत जायची घाई होती. मी पिशवी त्यांच्या हातात दिली आणि म्हटलं, "बाई, ट्यूबा कमी आहेत. पुरवून लावा. सगळ्यांना मिळालं पाहिजे." खपलीबद्दल बोललो का? बोललो असं मला पुष्कळ वर्षं वाटत होतं. खरं सांगायचं तर बोललो नाही. सायकलला टांग मारली आणि निघालो. वर स्वतःवर खूश होतो, की सरकारी औषध आपण कसं जपून वापरायला सांगितलं.

दोन आठवड्यांनी डॉक्टर मॅडमनी मला हाक मारली. सतराच्या तेवीस मुली झाल्या होत्या. मी म्हटलं, शक्य नाही. मलम लावत नसतील. मॅडम म्हणाल्या, जाऊन बघा.

मी संध्याकाळी पाचला गेलो. प्रार्थना संपली होती. मुली रांगेत उभ्या होत्या आणि प्रत्येकीचा उजवा हात पुढे होता. रांगेच्या तोंडाशी बाई पाटावर बसल्या होत्या आणि त्यांच्यासमोर स्टीलचा डबा होता. वसतिगृहात दर रविवारी डोक्याचं तेल असंच वाटलं जाई. रांग, पुढे केलेला तळवा, डब्यातून एक बोट तेल. कोणाला जास्त नाही, कोणाला कमी नाही. तो तिथला शिरस्ता होता आणि त्यावरून कधी भांडण झालं नव्हतं. बाईंनी मलमही त्याच शिरस्त्यात बसवलं होतं. बाराच्या बारा ट्यूबा डब्यात पिळल्या, पुरावं म्हणून त्यात खोबरेल तेल कालवलं, आणि रोज संध्याकाळी सगळ्या सव्वीस जणींना एकेक बोट. फोड असलेल्यांना आणि नसलेल्यांनाही. तोंडाला बाई स्वतःच लावत, आणि बोट तेच. एका फोडावरून उठून डब्यात, डब्यातून दुसरीच्या गालावर. आणि सगळं खपलीच्या वरून.

मी दारात उभा राहिलो. बाईंनी मान वर करून पाहिलं आणि अभिमानाने म्हणाल्या, "भाऊ, बघा. पुरवलं की नाही?"

मी त्यांना काय चुकलं ते सांगितलं. मलम इतकं पातळ झालं की त्यात दम उरला नाही, आणि जंतू मात्र डब्यातून घरपोच वाटले गेले. बाईंनी डब्याकडे पाहिलं, मग बोटाकडे. नंतर हळूच डबा झाकला. मला त्यांची दया आली आणि माझी मला लाज वाटली. पण लाज वाटली हे मी तोंडाने बोललो नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी संस्थेचे अध्यक्ष आले. त्यांना सगळे आबा म्हणत. केळीचे मोठे बागाईतदार, उंच, पांढरा फेटा, माणूस कडक पण कोत्या मनाचा नव्हे. गावात बोलणं सुरू झालं होतं की वसतिगृहात काहीतरी रोग आहे. दोन पालक मुलींना घरी न्यायची भाषा करत होते. आबांनी सगळ्यांना ओसरीवर बोलावलं. मीही तिथेच होतो, पिशवी घेऊन कोपऱ्यात. डबा आबांपर्यंत पोचला होता. त्यांनी झाकण उघडून वास घेतला आणि अहिराणीत विचारलं, "हाई असं कालवाले कोनी सांगं?"

बाई म्हणाल्या, "मीच केलं, आबा."

"तुमले कोनी सांगं, ते इचारस मी."

"कोणी नाही. माझ्याच डोक्यातून निघालं."

आबांचा विश्वास बसला नाही. ते मुलींकडे वळले. "पोरीहो, खरं सांगा. कोनी सांगं? ज्यानी सांगं व्हई, तो आते आठे दिसाले नको."

मुली सगळ्या खाली बघत होत्या. एकीचंही तोंड उघडलं नाही. मला वाटलं, आबांना घाबरल्या. आणि मी? माझं तोंड उघडायला हवं होतं. दोन वाक्यं पुरली असती. पण मला माझा हुद्दा दिसला, गोपनीय अहवालातला वर्षाचा शेरा दिसला, आबांची ओळख कुठपर्यंत आहे तेही दिसलं. मी पिशवीचे बंद घट्ट करत बसलो. आबा बाईंना म्हणाले की परीक्षा होईपर्यंत दुसरी बाई मिळणार नाही, तुमचं काय करायचं ते नंतर बघू. मग त्यांनी हुकूम सोडला. दहा दिवस. अकराव्या दिवशी जिच्या तोंडावर फोड दिसेल ती मुलगी घरी जाईल. गावात रोग पसरला असं कोणाला म्हणू देणार नाही.

मंडळी पांगली. मी सायकलपाशी आलो तर मागून एक मुलगी आली. तिचं नाव शोभा. दहावीला होती. परीक्षा महिन्यावर आली होती. तिच्या हनुवटीवर, ओठाच्या खाली, सगळ्यात जाड खपली होती. तिला पाठ करताना हनुवटी खाजवायची सवय होती. ती माझ्याकडे न बघता म्हणाली, "भाऊ, मी घर गऊ ते माय माले परत धाडाव नही. लगीनना दिन ठरेल शे."

एवढंच बोलली आणि आत गेली. मी सायकल तशीच धरून उभा राहिलो. ही मुलगी वर्गात पहिली येते असं बाईंनी मला मागे सांगितलं होतं. बारा ट्यूबा आणि माझे दोन शब्द, यांच्यामुळे तिची दहावी जाणार होती.

त्या दिवसापासून मी रोज पहाट सरली की सहाला वसतिगृहात जायचो आणि संध्याकाळी दवाखाना सुटला की पुन्हा. कोणी सांगितलं नव्हतं. डॉक्टर मॅडमनी जळगावहून ट्यूबा मागवून दिल्या, आणि खरं म्हणजे फार लागल्याही नाहीत. मलम फक्त फोडाला लावायचं, तर ते लागतं किती?

पण त्याआधीची तयारी मोठी होती. बाईंनी स्वतःच्या दोन जुन्या पांढऱ्या साड्या फाडल्या. सव्वीस जणींची सव्वीस फडकी केली, प्रत्येकाच्या कोपऱ्यावर वेगळ्या रंगाच्या दोऱ्याने खूण घातली. ती रोज हंड्यात उकळायची. पाण्यात पोटॅश परमँगनेटचे दोन दाणे टाकायचे, पाणी फिकट गुलाबी झालं पाहिजे, वांग्यासारखं गडद नको, नाहीतर कातडी भाजते. त्यात फडकं भिजवून खपलीवर ठेवायचं, पंधरा मिनिटं. वाऱ्याने फडकं वाळायचं म्हणून मी केळीच्या पानाच्या पट्ट्या आणवल्या. पान धुवून, उकळत्या पाण्यातून काढून फडक्यावर ठेवलं की ओल टिकते. पानं आबांच्याच बागेतली होती.

त्या दहा दिवसांतलं एक दृश्य मला अजून दिसतं. ओसरीवर तेवीस मुली भिंतीला टेकून बसलेल्या, कोणाच्या गालावर, कोणाच्या कपाळावर, कोणाच्या गुडघ्यावर हिरवी पट्टी, आणि सगळ्या मोठ्याने इतिहास पाठ करत असलेल्या. पट्टी पडू नये म्हणून मान वर. पंधरा मिनिटं झाली की मी गॉझने खपली पुसून घ्यायचो. नखाने नाही, ओढून नाही. भिजलेली खपली स्वतःच सुटते. न सुटली तर ती भिजलेली नाही, पुन्हा पंधरा मिनिटं. मग खाली मलमाचा पातळ थर, प्रत्येकीचा उकळलेला चमचा वेगळा. नंतर हात साबणाने. बाईंनी सगळ्यांची नखं स्वतः कापली. त्या मला फारसं काही बोलत नसत, पण मी यायच्या आधी हंडा चुलीवर उकळत असायचा.

चौथ्या दिवशी खपल्यांची कड मऊ पडली. सहाव्या दिवशी नवा फोड एकीलाही आला नाही. आठव्या दिवशी मी मोजलं, चार मुली उरल्या होत्या. मला इतका आनंद झाला की मी बाईंसमोर शीळ घातली. बाई पहिल्यांदा हसल्या.

दहाव्या दिवशी फक्त शोभा राहिली. तिचा फोडही खरं तर बरा होत आला होता. पण नवव्या रात्री झोपेत तिने हनुवटी खाजवली, रक्त आलं आणि त्यावर पुन्हा खपली धरली. आता ती खपली नुसत्या रक्ताची आहे की खाली परत पिकलं आहे, हे वरून सांगता येत नव्हतं. मला येत नव्हतं. डॉक्टरांनाही आलं नसतं.

अकराव्या दिवशी आबा आले. सोबत शोभाची आई होती. तिला निरोप गेला होता आणि ती पहाटेच्या एसटीने येऊन पोचली होती. शोभाचं गाठोडं बांधूनच घ्यायचं अशा तयारीने आली होती. मुली रांगेत उभ्या राहिल्या. बाईंनी मला दाराआड बोलावलं. "भाऊ, ती खपली काढून टाका. वर पावडर लावू. आबांना एवढं दिसत नाही."

मी म्हटलं, "नाही बाई. ओढली तर रक्त येईल, आणि पावडरखाली पिकलं तर मुलगी परीक्षेत तापाने पडेल. आता लपवायचं नाही." शेवटचं वाक्य बोलताना माझी जीभ अडखळली. बाईंनी माझ्याकडे पाहिलं आणि त्या रांगेकडे गेल्या.

आबा रांगेतून गेले. एकेकीची हनुवटी वर करून बघत होते. पंचवीस मुली पार झाल्या. शोभापाशी थांबले. तिची आई मागून म्हणाली, "लगीनघर शे आबा. असं तोंड लिसन पोर कथं बसाडू? मी घर लई जास. लगीनपर्यंत बरं व्हई जाई."

मी पुढे झालो. "आबा, मला पंधरा मिनिटं द्या."

"दहा दिन दिधात ना तुमले."

"दहा दिले, पंधरा मिनिटं आणखी द्या. चहा घ्या तोवर."

आबा बसले. बाईंनी चहा ठेवला. मी शोभाला खुर्चीवर बसवलं, तिचं फडकं, कोपऱ्यावर पिवळा दोरा, गुलाबी पाण्यात भिजवून हनुवटीवर ठेवलं आणि वर केळीची पट्टी. शोभाने भूमितीचं पुस्तक उघडलं. तिची आई पदराचं टोक तोंडात धरून उभी होती. माझ्या घड्याळातला काटा मी आयुष्यात कधी इतका निरखला नव्हता. खाली पू निघाला तर माझ्याच हाताने मी तिचं गाठोडं बांधणार होतो, आणि तेही सगळ्यांसमोर.

पंधराव्या मिनिटाला मी पान काढलं. फडकं काढलं. गॉझ घेतला आणि एकदाच, खालून वर, पुसलं. खपली गॉझवर आली. खाली गुलाबी कातडी होती. नवी, गुळगुळीत, पू कुठेच नाही. मी कोरडा गॉझ दाबून धरला आणि उचलला. डाग नाही. तो गॉझ मी आबांसमोर धरला. त्यांनी खिशातून चष्मा काढला, डोळ्यांवर चढवला, गॉझ पाहिला, मग शोभाची हनुवटी पाहिली. तिची आई बोट लावायला आली, तिला मी मनगटाला धरून थांबवलं.

आबा तिला म्हणाले, "परीक्षा व्हई जाऊ दे माय. लगीन काय पळी जास नही."

आई थोडी कुरकुरली. मग तिने गाठोड्यासाठी आणलेली दोरी परत पिशवीत ठेवली. शोभा पुस्तकात बघत होती, पण पुस्तक उलटं होतं.

मला त्या क्षणी बोलावंसं वाटलं. मी आबांजवळ गेलो, म्हटलं, "आबा, त्या डब्याचं जे झालं ना—" तोच बाई मध्ये आल्या. "आबा, चहा निवतोय." आबा चहाकडे वळले आणि माझं वाक्य तिथेच राहिलं. बाईंची नोकरी टिकली, आबांनी तो विषय पुन्हा काढला नाही. शोभा दहावीला तालुक्यात मुलींमध्ये दुसरी आली. मी त्या साऱ्या वसतिगृहाचं तोंड साफ केलं याचं कौतुक डॉक्टर मॅडमनी वरिष्ठांना लिहून कळवलं. त्या पत्राची प्रत माझ्याकडे अजून आहे. माझ्या अख्ख्या नोकरीत मला तेवढं एकच प्रशस्तिपत्र मिळालं, आणि मला त्याचा अभिमान आहे. आजही आहे. पण ते वाचताना मला पिशवीचे बंद आठवतात.

त्यानंतर मी जळगावला बदलून गेलो. वर्षं गेली. नवी मलमं आली, जास्त चांगली. मग बाजारात तीन औषधं एकत्र कालवलेल्या ट्यूबा आल्या आणि लोक नायट्यापासून भाजल्यापर्यंत सगळ्याला त्याच लावू लागले. त्या ट्यूबा बघितल्या की मला तो स्टीलचा डबा आठवतो आणि मी जरा जास्तच चिडतो.

एक दिवस दुपारी ओपीडी संपत आली होती. एक बाई तीन वर्षांच्या मुलीला कडेवर घेऊन आत आली. मुलीच्या नाकाखाली फोड होता. पण खपली नव्हती. जागा स्वच्छ, ओलसर, नुकतीच पुसलेली. बाईने पिशवीतून उकळलेलं पांढरं फडकं काढून टेबलावर ठेवलं. कोपऱ्यावर पिवळा दोरा होता.

"आधी भिजवली आहे, भाऊ," ती म्हणाली. "आता बघा."

शोभा होती. पोस्टात नोकरीला लागली होती, जळगावलाच राहत होती. लग्न बारावीनंतर झालं, त्याच मुलाशी. तो थांबला होता. मी इंदूबाईंचं विचारलं. ती म्हणाली, "बाई गेल्या भाऊ, दोन वर्षं झाली. शेवटी मी होते त्यांच्याजवळ."

मी मुलीच्या नाकाला मलम लावत होतो. इतकी वर्षं राहून गेलेलं वाक्य बाहेर आलं. "शोभा, ती चूक बाईंची नव्हती. पुरवून लावा, सगळ्यांना मिळालं पाहिजे, असं मीच म्हणालो होतो."

तिने मुलीचे केस मागे सारले. "माहीत आहे. आम्ही बठ्ठ्या तठेच व्हतूत ना, भाऊ. ओसरीवर. तुम्ही सायकलवर बसेपर्यंत ऐकत होतो."

मी विचारलं, "मग आबांनी विचारलं तेव्हा—"

"बाईंनी आमच्याकडे एकदा पाहिलं. नंतर रात्री कोणीतरी विचारलं त्यांना, तुम्ही खोटं का बोललात म्हणून. तर म्हणाल्या, भाऊचं नाव घेतलं असतं तर आबांनी त्याला उंबऱ्यात पाऊल टाकू दिलं नसतं. मग खपल्या कोणी भिजवल्या असत्या?"

मी गॉझच्या डब्याकडे वळलो. तो भरलेला होता, तरी मी तो पुन्हा भरायला घेतला. इतकी वर्षं मी समजत होतो की माझं एक गुपित आहे आणि ते एका बाईने पोटात ठेवलं आहे. ते सव्वीस मुलींनी ठेवलं होतं. त्यांतली सगळ्यात धाकटी पाचवीत होती. रोज सकाळी सहाला मी त्यांच्यासमोर उभा राहून शहाणपण शिकवत होतो, आधी खपली मग मलम, आणि त्या मान वर करून, गालावर केळीचं पान धरून, सगळं माहीत असून माझं ऐकत होत्या.

शोभाने मुलीला कडेवर घेतलं. दारातून वळून म्हणाली, "रोज दोनदा ना, भाऊ?"

"रोज दोनदा," मी म्हटलं. "आणि पुरवू नकोस. संपलं तर मी देईन."